मुखपृष्ठावरच्या घरात राहतं कोण?

पत्र

मी मूळची सांगलीची. उपयोजित कला शिकले आणि आता पुण्यात एका छोट्या प्रकाशन संस्थेत मांडणीचं काम करते. आमचे प्रकाशक यंदाच्या दिवाळीत घरसजावटीचं मराठी त्रैमासिक सुरू करताहेत. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठाची जबाबदारी माझ्यावर आहे आणि तिथेच सगळं अडलंय.

सरांना मालिकेतली प्रसिद्ध अभिनेत्री हवी आहे, पैठणीत, हातात पणती. मी वेगळा नमुना केलाय: पांढराशुभ्र हॉल, फिकट लाकडाची एक खुर्ची, कोपऱ्यात एक झाड, बाकी सगळी मोकळी जागा. परदेशी मासिकांची मुखपृष्ठं मी रोज फोनवर बघते, त्यातून हे सुचलं. आमच्या फोटोग्राफरने तिसराच फोटो आणलाय. मिरजेतलं दोन खोल्यांचं घर, मोझॅकची फरशी, खिडकीशी शिवणयंत्र, मागे स्वयंपाकघराचं दार आणि त्यात पाठमोरी उभी असलेली बाई. सर म्हणाले, "फारच साधं आहे हे. पैसे देऊन कोण घेईल?"

माझा नमुना मी आईला पाठवला. ती म्हणाली, "छान आहे गं. पण इथे राहतं कोण?" मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढं शिकून शेवटी पणतीच छापायची का? आणि हल्ली सगळे फोनवरच बघतात, तर मुखपृष्ठासाठी एवढा जीव आटवण्यात अर्थ आहे का? तिन्ही नमुने सोबत पाठवतेय.

(नाव छापू नये), पुणे

उत्तर

आधी निवड सांगते, मग कारणं. मिरजेचं घर घ्या. पण हा फोटो आहे तसा छापू नका, पुन्हा काढून घ्या.

तुमच्या आईंच्या प्रश्नाचा राग मानू नका. घरसजावटीच्या मासिकाचा वाचक कसा बघतो, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलंय. मुखपृष्ठ बघताबघता माणूस नकळत त्या खोलीत शिरतो. बसायला जागा शोधतो, खिडकी कुठे उघडते ते बघतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडतो: आपल्याकडे हे होईल का, किती लागतील, पुसायचं कोणी, पाहुणे आले तर गाद्या कुठे घालायच्या. हे प्रश्न मनात उठले की हात पाकिटाकडे जातो. खोलीत शिरायला वाटच नसेल, तर लोक "छान आहे" म्हणतात आणि अंक खाली ठेवतात. आईंनीही नेमकं तेच केलं.

आता सरांच्या पणतीकडे येऊ. त्यांना वेड्यात काढू नका, त्यांच्यामागे शंभरेक वर्षांची परंपरा उभी आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. पुढे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आणि स्त्रीचा चेहरा हे समीकरणच होऊन बसलं. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केलं आणि त्यांच्या चित्रांसाठी लोक अंक घेऊ लागले. रघुवीर मुळगावकरांची चित्रं तर कॅलेंडरांतून घराघरांतल्या भिंतींवर गेली. चेहरा गर्दीतून नजर खेचून घेतो, हे सरांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलंय. त्यांचा हा अनुभव खरा आहे.

पण तोच अनुभव इथे उलटा पडतो. ऑक्टोबरात तुम्ही दादरच्या किंवा अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टॉलसमोर उभ्या राहा. डझनभर चेहरे तुमच्याकडे बघत असतात, त्यांतल्या निम्म्यांच्या हातात पणती असते. त्या रांगेत तुमची अभिनेत्री आणखी एक चेहरा ठरेल. शिवाय पैठणी नेसलेली ओळखीची बाई समोर आली की बघणाऱ्याचं लक्ष काठाकडे, पदराकडे, दागिन्यांकडे जातं. मागची भिंत कुणी पाहत नाही. घराचं मासिक काढायचं आणि मुखपृष्ठावर घरच दिसू नये, यात पहिल्याच अंकाची ओळख हरवेल.

सेलिब्रिटी घ्यायचीच झाली, तर कशी घ्यावी याचंही उदाहरण आहे. 'आर्किटेक्चरल डायजेस्ट' हे घरसजावटीचं अमेरिकन मासिक १९२० मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं. पेज रेन्स यांनी १९७५ ते २०१० अशी पस्तीस वर्षं त्याचं संपादन केलं. त्या काळात बहुतेक मुखपृष्ठांवर नुसती दालनं असायची, माणूस क्वचितच. २०१६ मध्ये एमी अ‍ॅस्टली संपादक झाल्या आणि मुखपृष्ठावर माणसं वाढली: नट, गायक, फॅशनमधली मंडळी. पण ती आपापल्या घरात असतात. कुणी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेलं, कुणी कुत्र्याला घेऊन. नाव मोठं असलं तरी बघणाऱ्याला त्यांचं घरच बघायचं असतं. सरांना एवढंच विचारा: ही अभिनेत्री स्वतःच्या घराचं दार उघडेल का? तिच्या खऱ्या स्वयंपाकघरात, रोजच्या कपड्यांत फोटो काढू देईल का? ती हो म्हणाली तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या अंकासाठी ते उत्तम मुखपृष्ठ होईल. स्टुडिओत भाड्याच्या समईशेजारी उभी करणार असतील, तर मात्र ठामपणे नाही म्हणा.

तुमच्या पांढऱ्या हॉलबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे तुमची मेहनत दिसते आणि हातही चांगला आहे. खुर्ची कुठे ठेवायची, जागा किती सोडायची, हे तुम्हाला कळतं. अडचण मांडणीत नाही. ती खोली जिथून आली, तिथल्या उजेडाचा आणि आपल्या उजेडाचा मेळ बसत नाही. स्वीडन, डेन्मार्ककडे हिवाळ्यात दिवस अगदी लहान. सूर्य कसाबसा वर येतो आणि मावळतो. त्या लोकांनी भिंती पांढऱ्या ठेवल्या, लाकूड फिकट ठेवलं, खिडक्यांवर जड पडदे टाळले, कारण मिळेल तो कवडसा खोलीभर खेळवायचा होता. त्यांच्या मुखपृष्ठावरचा पांढरा रंग हा त्यांच्या गरजेतून आलेला आहे.

आपल्याकडे शतकानुशतकं घरं बांधली ती ऊन बाहेर ठेवायला. पडवी, ओसरी, खोल माजघर, जाड भिंतीतली लहान खिडकी, खाली थंड शहाबादी. दुपारी बाहेरून आलेल्या माणसाला अंधारं माजघर सुखाचं वाटतं. आजच्या फ्लॅटमध्येही दुपारी बारा वाजता आपण पडदे ओढतोच. सांगलीच्या मे महिन्यात त्या पांढऱ्या हॉलमध्ये डोळे दिपतील आणि जुलैत एखाद्या कोपऱ्यातून ओल वर चढेल. हे आईंना कुणी शिकवायला नको होतं, नजरेला ते आपोआप कळलं.

आणखी एक गोष्ट, जी फोनवर बघून शिकणाऱ्या प्रत्येक मांडणीकाराला माहीत हवी. या पांढऱ्या खोल्यांची जगभर सवय लावण्यात 'इकिया' या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या कॅटलॉगचा वाटा मोठा आहे. १९५१ मध्ये पहिला कॅटलॉग निघाला, मुखपृष्ठावर एक आरामखुर्ची होती. २०१६ मध्ये, सगळ्यात जास्त खपाच्या वर्षी, त्याच्या २० कोटी प्रती ३२ भाषांत वाटल्या गेल्या. त्या कॅटलॉगमध्ये २००६ पासून संगणकावर घडवलेली चित्रं यायला लागली आणि २०१४ च्या सुमारास वस्तूंच्या चित्रांपैकी तीन चतुर्थांश अशीच तयार होत होती. खोल्यांच्या चित्रांतही त्यांचा वाटा बराच होता. म्हणजे आपण ज्यांना घर समजून हेवा केला, त्यातल्या कित्येक खोल्यांना कधी छप्परच नव्हतं. तिथे कुणी चहा सांडला नाही, कुणी दार आपटलं नाही. अशा चित्रांकडून रंगसंगती जरूर शिका, पण घर कसं दिसतं हे शिकू नका.

याच कॅटलॉगची एक गोष्ट तिसऱ्या फोटोच्या संदर्भात महत्त्वाची आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियाच्या आवृत्तीत फोटोंमधल्या बायका पुसून टाकल्याचं उघड झालं. बाकीच्या देशांत आई, वडील, मुलं असलेला तोच फोटो, तिथे मात्र आईची जागा रिकामी. कंपनीला खेद व्यक्त करावा लागला. घराच्या चित्रातून माणूस काढला किंवा ठेवला, की त्या घरावर हक्क कुणाचा, हे आपण सांगून मोकळे होतो. आपल्याला वाटतं आपण फक्त फोटो निवडतोय.

म्हणून मिरजेच्या फोटोतली पहिली दुरुस्ती कॅमेऱ्याची नाही. त्या घरातलं शिवणयंत्र कुणाचं आहे ते फोटोग्राफरला विचारा. दारात पाठमोरी उभी आहे त्याच बाईंचं असेल, तर त्यांना यंत्रापाशी बसवा. कापड हातात, मान खाली, काम चालू. आत्ताच्या फोटोत आपण बाईला पुन्हा स्वयंपाकघराच्या चौकटीत उभं केलंय, आणि तिच्या कमाईचं साधन खिडकीशी एकटं ठेवलंय. यंत्र आजोबांचं असेल तर आजोबांना बसवा. चेहरा पूर्ण दिसण्याची गरज नाही. कामात गढलेला माणूस बाजूने दिसला की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही, तो निवांत खोली न्याहाळतो.

बार्सिलोनाचं 'अपार्तामेन्तो' हे घरांविषयीचं मासिक २००८ मध्ये निघालं, तेव्हा त्यांनी नेमकं हेच धरलं: लोक खरोखर राहतात ती घरं, पसाऱ्यासकट. आकारही नेहमीच्या चकचकीत मासिकांपेक्षा लहान, पुस्तकासारखा हातात मावेल असा. त्यांचं जग कलावंतांचं आहे, आपलं वेगळं आहे. त्यांचा पसारा उचलून आणला तर तोही उसनाच दिसेल. घ्यायचा तो त्यांचा धीर. न आवरलेलं टेबल मुखपृष्ठावर ठेवायला संपादकाला वाचकाबद्दल आदर असावा लागतो.

आता फोटोबद्दल. तुम्ही पाठवलेला फोटो आडवा आहे, आणि उभ्या पानात बसवायला तुम्ही दोन्ही बाजू कापल्या आहेत. त्यामुळे खिडकी अर्धी गेली. खिडकी गेली तर उजेड कुठून येतो हे कळत नाही आणि खोली कोंदट वाटते. कॅमेरा उभा धरूनच फोटो काढायला सांगा. वरचा किमान चौथा हिस्सा नुसती भिंत असू दे, तिथे मासिकाचं नाव बसेल. फोटोग्राफरने उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घेतलाय. कॅमेरा जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर आणा, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास. मग यंत्राचं टेबल, खिडकीची कड, दाराची चौकट नीट समोर येतात आणि फरशी पान गिळून टाकत नाही. भिंतीच्या उभ्या कडा सरळ आल्याच पाहिजेत. त्या झुकल्या की बघणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं.

लहान खोली मोठी दिसावी म्हणून फार रुंद लेन्स लावू नका. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याला दहा बाय बाराची खोली किती असते हे पायांनी ठाऊक असतं. कडेची खुर्ची ताणून सोफ्याएवढी दिसली की त्याचा विश्वास उडतो. जागा कमी पडत असेल तर फोटोग्राफरने दाराबाहेर, गॅलरीत जाऊन उंबऱ्यापलीकडून फोटो घ्यावा. दाराची कड थोडी फोटोत आली तर उलट बरंच, आत पाऊल टाकल्यासारखं वाटतं.

ट्यूबलाइट बंद करा. आत्ताच्या फोटोत भिंतीचा अर्धा भाग हिरवट आणि खिडकीजवळचा भाग निळसर आलाय, तो दोन उजेड एकत्र झाल्यामुळे. सध्याचा पावसाळी ढगाळ उजेड घरातल्या फोटोला चांगला असतो, सावल्या मऊ पडतात. सकाळी खिडकीतून येईल तेवढाच घ्या. स्वयंपाकघराचं दार मागे तसंच उघडं राहू दे, आत थोडा अंधार असला तरी चालेल. एका खोलीतून दुसरी दिसली की नजर आत चालत जाते, आणि चित्राला खोलपणा येतो तो त्यातूनच.

आणि कृपा करून पंखा खोडू नका. आपल्या सजावटीच्या फोटोंतून छताचा पंखा, स्विचबोर्ड, खिडकीचं ग्रिल, भिंतीवरची वायर सगळं पुसून टाकायची पद्धत पडलीय. उन्हाळ्यात पंख्याशिवाय ती खोली राहण्याजोगी नाही, हे वाचकाला माहीत आहे. तो दिसत नाही तेव्हा ते घर त्याच्या गावचं उरत नाही. देव्हाऱ्याची कड, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट, कॅलेंडर हे जिथे आहे तिथे राहू दे. दोरीवर वाळत घातलेले कपडे मात्र काढायला हरकत नाही, ते त्या घरातले लोकही पाहुणे येण्याआधी काढतातच. फोटोसाठी त्या घरात नवी उशी, नवं झाड, भाड्याचा दिवा नेऊ नका.

मासिकाच्या नावाकडे वळू. तुमच्या नमुन्यात नावातली पहिली वेलांटी पानाच्या कडेला जवळजवळ टेकलीय. कटिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर ती उडेल. देवनागरी नावाला रोमन नावापेक्षा उंची जास्त लागते. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. परदेशी मुखपृष्ठाचा साचा आपल्या नावाला म्हणूनच तोकडा पडतो. नाव थोडं खाली आणा. स्टॉलवर अंक पायऱ्यांसारखे एकावर एक लावलेले असतात आणि प्रत्येकाची फक्त वरची पट्टी दिसते. त्या पट्टीत नाव पूर्ण वाचता आलं पाहिजे आणि रंगावरून तुमचा अंक ओळखू आला पाहिजे. मिरजेच्या घराची भिंत फिकट पिस्ता रंगाची आहे, ती तशीच राहू दे. नाव गडद मरून घ्या. लाल-केशरी-सोनेरी दिवाळी स्टॉलवर ती पिस्ता पट्टी दुरून दिसेल.

एक सावधगिरी: हा पिस्ता रंग पडद्यावर जितका ताजा दिसतो, तितका चार रंगांच्या छपाईत दिसत नाही, आणि मॅट, म्हणजे बिनचकाकीचं लॅमिनेशन चढलं की आणखी थोडा उतरतो. छापखान्यातून लॅमिनेशन केलेलं प्रूफ, म्हणजे तपासणीसाठीची नमुना प्रत मागवा आणि ते दिवसाच्या उजेडातही बघा आणि ट्यूबखालीही. ग्लॉस घ्यायचा मोह होईल, कारण रंग खुलतात. पण स्टॉलवरच्या दिव्याखाली ग्लॉसवर चकाकी येते आणि निम्मा फोटो दिसत नाही. मी मॅटच घेईन.

मुखपृष्ठावरच्या ओळी तुम्ही आठ ठेवल्यात. तीन पुरेत. फोटोवर शाई न लावता कागदाचा पांढरा रंग मोकळा सोडून बारीक अक्षरं काढली की शाई मात्रांच्या आणि अनुस्वारांच्या आत भरते आणि अक्षर बुजतं, त्यामुळे जाड वळणाचं अक्षर घ्या आणि ते मोकळ्या भिंतीवरच ठेवा. 'स्वप्नातलं घर', 'सजवा आपलं विश्व' अशा ओळी काढून टाका, त्या कुठल्याही अंकावर चालतील. वाचकाचा रोजचा प्रश्न लिहा. 'भाड्याच्या घरात, भिंतीला खिळा न मारता.' 'ओल आलेल्या भिंतीचं काय करायचं?' 'दोन खोल्या, पाच माणसं: मिरजेचं एक घर.' ओळीत जे कबूल कराल ते आत सापडलंच पाहिजे. खिळ्याची ओळ वाचून अंक घेतला आणि आत अर्धं पानच निघालं, तर तो वाचक पुढचा अंक हातात घेत नाही.

इथे आपल्या वाचकाची एक सवय लक्षात ठेवा. आपल्याकडे लोक मासिक घेऊन सुताराकडे जातात. पान उघडतात आणि म्हणतात, "असं करून द्या." म्हणून मुखपृष्ठावर जी वस्तू दिसते तिची मापं आतल्या लेखात द्या: शिवणाच्या टेबलाची उंची, कप्प्यांची खोली, प्लाय किती एमएमचा, साधारण खर्च. नुसतं 'खिडकीशी कल्पक कोपरा' एवढंच लिहिलंत तर सुतार मान हलवेल आणि स्वतःच्या मनाने काहीतरी ठोकून देईल. हा मजकूर मुखपृष्ठाचाच भाग आहे असं मी मानते.

फोनचं म्हणाल तर तुमची शंका योग्य आहे. 'इकिया'नेच डिसेंबर २०२० मध्ये छापील कॅटलॉग बंद करत असल्याचं जाहीर केलं, लोक ऑनलाइन बघतात म्हणून. आणि त्याच महिन्यात नवी मुंबईत, तुर्भ्याला दुकान उघडलं. म्हणजे कॅटलॉग संपला, पण खऱ्या खोलीत जाऊन बघायची लोकांची हौस संपली नाही. तुमच्या अंकाचं मुखपृष्ठ बहुतेकांना पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर दिसेल, अंगठ्याच्या नखाएवढं. त्या आकारात ओळी वाचता येत नाहीत, दिसतं ते फक्त नाव, एक रंग आणि एक आकृती. तुमचा पांढरा हॉल नखाएवढा केला की रिकामा चौकोन दिसतो, तुम्हीच करून बघा. खिडकीच्या उजेडात वाकून शिवणारी बाई मात्र ओळखू येते. मुखपृष्ठावर घेतलेली मेहनत अशा दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते, स्टॉलवर आणि फोनवर.

तुम्ही विचारलंत, एवढं शिकून पणतीच छापायची का. तुमच्या जिल्ह्यातलीच आठवण देते. किर्लोस्करवाडीत कारखान्याच्या आवारातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९३० मध्ये 'स्त्री'. त्यांचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. मुंबई-पुण्यापासून लांब, एका कारखान्याच्या गावातून निघालेली ती मासिकं घराघरांतल्या बायकांनी वाचली, कारण काढणाऱ्यांना आपला वाचक कोण हे पक्कं ठाऊक होतं. इस्लामपूर, मिरज, बार्शी, चिपळूण इथे नुकता फ्लॅटचा ताबा घेतलेली माणसं तुमची पहिली वाचक आहेत. त्यांच्या खोल्यांत काय शोभेल, हे ठरवायला तुम्ही शिकलेलं सगळं लागणार आहे: रंग, उजेड, अक्षर, जागा. यात शिक्षण वाया जात नाही.

मिरजेच्या त्या कुटुंबाविषयी मला काळजी वाटते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. मुखपृष्ठावर घर छापणं म्हणजे हजारो अनोळखी माणसांना आत घेणं. लेखी परवानगी घ्या, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची. नावाची पाटी, शेजारच्या इमारतीची ओळख, मुलांचे फोटो, औषधं, किल्ल्या काहीही फोटोत येऊ देऊ नका. निवडलेला फोटो छापण्याआधी त्यांना दाखवा, आणि त्यांनी नको म्हटलं तर तो फोटो बाजूला ठेवा, कितीही चांगला असला तरी. मानधन द्या. स्टुडिओच्या भाड्याला आणि अभिनेत्रीला पैसे द्यायची तयारी होती, तर घर देणाऱ्यांनाही मिळायला हवेत. आतल्या मजकुरात 'गरिबीतही नेटकेपणा' असला सूर अजिबात नको. ते घर कुणाच्या धड्यासाठी छापायचं नाही. खिडकी, यंत्र आणि कपाट यांची तिथे जी जुळणी केलीय ती हुशारीची आहे, तेवढ्यासाठीच छापायचं.

राहिले सर. त्यांच्याशी आवडीनिवडीवर वाद घालू नका, त्यात तुमचं वय आणि त्यांचा अनुभव आड येईल. तिन्ही मुखपृष्ठांचे रंगीत प्रिंट काढा, जुन्या अंकांवर चिकटवा आणि सरांना बरोबर घेऊन एखाद्या ओळखीच्या स्टॉलवर जा. दुकानदाराला सांगून ते बाकीच्या अंकांत ठेवा आणि बाजूला उभे राहा. कोण कुठल्या अंकाला हात लावतं, किती वेळ धरतं, उघडतं का, ते बघा. थांबलेल्यांना "आवडलं का?" असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. "या अंकात काय असेल असं वाटतं?" एवढंच विचारा. पणतीच्या अंकाबद्दल लोक "दिवाळी विशेष असेल" म्हणाले आणि मिरजेच्या अंकाबद्दल "छोट्या घरांचं काहीतरी दिसतंय" म्हणाले, तर सरांना वेगळं समजावायला लागणार नाही. उलटं झालं, तर तेही मोकळ्या मनाने ऐकून घ्या आणि फोटोत काय कमी पडलं ते मला कळवा.

आणि फोटो पुन्हा काढायला मिरजेला जाल, तेव्हा शक्य झालं तर सरांनाही न्या. आत्तापर्यंत त्यांनी ते घर फक्त अर्ध्या कापलेल्या फोटोत पाहिलंय.